कोलफॅक्सचं प्रकरण: हक्क दिले, पण राखायचे कुणी?

१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, रेड नदीकाठच्या कोलफॅक्स नावाच्या लहानशा गावावर त्या दुपारी दीडशेच्या आसपास हत्यारबंद गोरे चालून गेले. गावातल्या कचेरीच्या राखणीला बसलेल्या कृष्णवर्णीयांपैकी किती जण त्या दिवशी आणि त्या रात्री मारले गेले, याचे अंदाज ६२ पासून १५० पर्यंत जातात. हल्लेखोरांकडचे तिघे मेले. यातल्या एकाही खुनाबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही. तीन वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जे कारण देऊन आरोपींची सुटका केली, त्या कारणाने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कित्येक पिढ्यांचं आयुष्य बांधून टाकलं.

गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतली राज्यं यांच्यात झालेल्या यादवी युद्धानंतरच्या पुनर्बांधणीचा (१८६५ ते १८७७) इतिहास बहुतेक वेळा घटनादुरुस्त्यांच्या यादीतून सांगितला जातो. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली, चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण आलं, पंधराव्या दुरुस्तीने मताधिकार आला. यादी खरी आहे. पण हे हक्क एखाद्या गावात, नावागावाच्या माणसांच्या हाती कसे आले आणि कसे गेले हे पाहायचं असेल, तर मी कोणालाही आधी कोलफॅक्सचे कागद वाचायला सांगेन. दुरुस्त्या लिहिणाऱ्यांची नियत साफ होती असं मी मानतो. पण हक्कावर हात टाकणारा जर शेजारीच असेल, तर दाद कुणाकडे मागायची, हे त्यांनी पुरेसं पक्कं केलं नाही. न्यायालयाने नेमकी तीच फट शोधून रुंद केली.

युद्ध संपलं तेव्हा

१८६५ मध्ये युद्ध थांबलं तोवर सहा लाखांहून अधिक सैनिक मेले होते आणि सुमारे ४० लाख माणसं गुलामीतून सुटली होती. सुटली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. जनरल शर्मनने जानेवारी १८६५ मध्ये दक्षिण कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवरची जमीन दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला होता. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने बंडखोर मळेवाल्यांना माफी दिली आणि त्यातली बहुतेक जमीन त्यांना परत करायला लावली. दक्षिणेतल्या राज्यांनी लगोलग ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे केले. ज्या कृष्णवर्णीयाला मजुरीचा करार दाखवता येणार नाही तो भटक्या, त्याला दंड, आणि दंड भरता आला नाही तर मळेवाल्याकडे सक्तीची मजुरी, अशी त्यांची रचना होती. जमीन हातची गेली ही गोष्ट पुढे सगळीकडे नडते. कोलफॅक्सच्या कचेरीत बंदूक घेऊन बसलेल्यांपैकी बहुतेक जण दुसऱ्याच्या मळ्यात राबणारे होते.

उत्तरेतल्या रिपब्लिकनांचं बहुमत असलेल्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १८६७ मध्ये सूत्रं आपल्या हाती घेतली. दक्षिणेतली दहा राज्यं पाच लष्करी विभागांत वाटली गेली, कृष्णवर्णीय पुरुष मतदान करू लागले, नव्या राज्यघटना तयार झाल्या. ज्या न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात दहा-बारा वर्षांपूर्वी माणसांचे लिलाव होत, त्याच शहरात डिसेंबर १८७२ मध्ये पी. बी. एस. पिंचबॅक हे कृष्णवर्णीय गृहस्थ राज्यपालाच्या खुर्चीवर बसले. महिनाभरच बसले, पण बसले.

याला उत्तर म्हणून मुखवटे घालून रात्री घरं जाळणाऱ्या, मतदारांना झोडपणाऱ्या, पुढाऱ्यांना ठार मारणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या. कू क्लक्स क्लॅन ही त्यातली सगळ्यात बदनाम. काँग्रेसने मे १८७० मध्ये अंमलबजावणी कायदा केला. त्याचं सहावं कलम या प्रकरणाचा कणा आहे. घटनेने दिलेला हक्क नागरिकाला बजावता येऊ नये म्हणून दोन किंवा अधिक माणसांनी कट केला, तर तो केंद्राच्या कायद्याखाली गुन्हा आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम होतं. हा कायदा कागदावरच राहिला असं समजण्याचं कारण नाही. १८७१ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या नऊ काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क, स्थगित केला, फौज पाठवली, शेकडो लोकांना पकडलं, आणि तिथला क्लॅन मोडला. फौज, सरकारी वकील आणि ज्यूरी तिन्ही एका दिशेने उभी राहिली की हा कायदा चालत होता. पुनर्बांधणी मुळातच अशक्य होती असं म्हणणाऱ्यांनी दक्षिण कॅरोलिनातलं ते वर्ष जरूर पाहावं.

एक गाव, दोन शेरीफ

लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. १८६९ मध्ये नव्याने आखलेल्या एका पॅरिशला अध्यक्ष ग्रँट यांचं नाव दिलं गेलं आणि तिच्या मुख्य गावाला उपाध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स यांचं. गाव म्हणजे कॅलहून घराण्याच्या मळ्याचाच एक कोपरा. या घराण्याने पूर्वी शेकडो गुलाम राबवले होते. त्यातल्या विल्यम कॅलहूनने मात्र युद्धानंतर नव्या व्यवस्थेची बाजू घेतली. त्याच्या मळ्यावरच्या जुन्या तबेल्याची डागडुजी करून कचेरी केली होती. पॅरिशमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय जवळपास बरोबरीने होते, कृष्णवर्णीय किंचित जास्त. म्हणजे मतदान मोकळेपणी झालं तर निकाल कुठे झुकेल हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं.

नोव्हेंबर १८७२ ची राज्याची निवडणूक लबाडीने आणि दहशतीने इतकी गढुळली की निकालाचे दोन संच निघाले. रिपब्लिकन विल्यम केलॉग आणि विरोधकांचे जॉन मॅकेनरी या दोघांनीही राज्यपाल म्हणून शपथ घेतली. वॉशिंग्टनने केलॉगना मान्यता दिली. पण मॅकेनरीची माणसं गावोगावी आपणच खरे अधिकारी म्हणून बसली. ग्रँट पॅरिशमध्ये त्यांच्याकडचा शेरीफ, म्हणजे कायदा-सुव्यवस्थेचा प्रमुख, क्रिस्तोफर कोलंबस नॅश, माजी बंडखोर सैनिक. मार्च १८७३ च्या अखेरीस केलॉगनी नेमलेले अधिकारी कचेरीत शिरले आणि त्यांनी कारभार हाती घेतला. त्यांच्या पाठीशी विल्यम वॉर्ड होता. वॉर्ड केंद्राच्या फौजेत नोकरी केलेला, राज्याच्या कृष्णवर्णीय शिबंदीचा कप्तान आणि नव्या विधिमंडळातला प्रतिनिधी.

आजूबाजूच्या पॅरिशमधून हत्यारबंद गोरे जमू लागले. ५ एप्रिलला जेसी मॅकिनी नावाच्या शेतकऱ्याला त्याच्या घराजवळ, कुंपण दुरुस्त करत असताना गोळी घातली गेली. त्याचा या भांडणाशी संबंध नव्हता. त्यानंतर वाड्यावस्त्यांवरची कृष्णवर्णीय कुटुंबं बायकापोरांसह कोलफॅक्सला येऊन राहिली. पुरुषांनी कचेरीभोवती उथळ चर खणला. वॉर्ड आणि काही साथीदार मदत मागायला न्यू ऑर्लिन्सकडे गेले. मदत निघाली, पण पोहोचली नाही.

ईस्टरच्या दुपारी नॅशने कचेरी सोडून द्या म्हणून निरोप दिला. वॉर्डच्या मागे सूत्रं सांभाळणाऱ्या लिव्हाय अ‍ॅलनने नकार दिला. बायकापोरांना निघून जायला अर्धा तास मिळाला. मग लढाई सुरू झाली. हल्लेखोरांकडे एक छोटी तोफ होती. ती नदीच्या बांधाआडून फिरवून आणून त्यांनी चरातल्या लोकांवर बाजूने डागली. लोक पांगले. काही जंगलाकडे धावले, काही नदीकडे, साठेक जण कचेरीत शिरले. कचेरीच्या छपराला आग लावली गेली. आतल्यांनी पांढरं कापड दाखवलं. नेमक्या त्या वेळी हल्लेखोरांचा एक म्होरक्या गोळी लागून पडला. ती गोळी आतून आली की त्याच्याच माणसांची लागली, यावर वाद आहे. त्यानंतर हत्यार टाकून बाहेर येणाऱ्यांनाही मारलं गेलं.

पण लढाईच्या भरात घडलं ही सबब रात्रीला लागू पडत नाही. तीसचाळीस जणांना कैद करून बसवून ठेवलं होतं. उद्या सोडतो असं त्यांना सांगितलं होतं. अंधार पडल्यावर त्यांना जोडीजोडीने बाहेर काढून मागून गोळ्या घातल्या. बेंजामिन ब्रिम या माणसाच्या डोक्यात मागून शिरलेली गोळी चेहऱ्यातून बाहेर आली, तरी तो जगला. लिव्हाय नेल्सनही मेल्याचं सोंग करून सरपटत निसटला. दोघांनीही पुढे न्यायालयात उभं राहून, मारणारे समोर बसलेले असताना, साक्ष दिली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोठं वाटतं ते हे धैर्य. साक्ष देऊन त्यांना परत त्याच पॅरिशमध्ये जायचं होतं.

खटला

याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. आपल्याकडे अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की या अर्पणपत्रिकेपाशी येऊन थांबतो. फुल्यांनी गौरवलेला त्याग खरा होता. मात्र त्या त्यागाने मिळालेलं त्याच वर्षी कसं हिसकावलं जात होतं, हे मराठीत फार कमी सांगितलं गेलं आहे.

न्यू ऑर्लिन्समधले केंद्राचे सरकारी वकील जे. आर. बेकविथ यांनी ९७ जणांवर आरोप ठेवले. हाती लागले नऊ. बाकीचे जंगलात आणि टेक्सासकडे पांगले, नॅशही सापडला नाही. इतक्या मोठ्या मुलखात आरोपी पकडायला घोडदळ लागतं आणि ते लुइझियानात पुरेसं नव्हतं.

खून हा राज्याच्या कायद्याखालचा गुन्हा. पण राज्याच्या यंत्रणेतून ग्रँट पॅरिशमध्ये कोणी आरोपी उभा करील अशी आशा नव्हती, म्हणून बेकविथ १८७० च्या कायद्याच्या सहाव्या आणि सातव्या कलमाखाली गेले. आरोपपत्रात ३२ आरोप होते. लिव्हाय नेल्सन आणि अलेक्झांडर टिलमन या दोन नागरिकांचा शांततेने एकत्र जमण्याचा, हत्यार बाळगण्याचा, कायदेशीर प्रक्रियेशिवाय जीव आणि स्वातंत्र्य न गमावण्याचा, समान संरक्षणाचा आणि मतदानाचा हक्क हिरावण्याचा कट केला, असं त्यांचं स्वरूप. टिलमन मारला गेला होता. नेल्सन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होता.

१८७४ च्या वसंतात पहिल्या खटल्यात एक जण सुटला, बाकीच्यांबद्दल ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या खटल्यात विल्यम क्रुकशँक, जॉन हॅडनॉट आणि विल्यम अर्विन हे तिघे कटाबद्दल दोषी ठरले. खुनाच्या आरोपातून तेही सुटले. त्या सुनावणीला न्यायमूर्ती विल्यम वूड्स यांच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली काही काळ बसले होते. जूनमध्ये ब्रॅडली यांनी आरोपपत्रच कायद्यात बसत नाही असं मत दिलं. वूड्स यांचं मत उलट होतं. मतभेदामुळे प्रकरण वॉशिंग्टनला गेलं आणि आरोपी जामिनावर घरी.

२७ मार्च १८७६ रोजी सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी क्रुकशँक प्रकरणाचा निकाल वाचला. एकत्र जमण्याचा आणि हत्यार बाळगण्याचा हक्क घटनेने फक्त काँग्रेसच्या हस्तक्षेपापासून राखला आहे, शेजाऱ्याने तो मोडला तर राज्याकडे जा. चौदावी दुरुस्ती ‘कोणतंही राज्य’ नागरिकाचा जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता हिरावणार नाही असं म्हणते, एका नागरिकाने दुसऱ्याविरुद्ध काय करावं याबद्दल ती काही बोलत नाही. मतदानाच्या आरोपांत ‘वर्णामुळे’ हे स्पष्ट लिहिलेलं नाही. उरलेले आरोप मोघम आहेत. नऊही न्यायमूर्तींचा निष्कर्ष एकच होता: आरोपपत्र रद्द.

यातला वर्णाचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. कचेरीत जळणारे सगळे कृष्णवर्णीय, बाहेर बंदुका धरलेले सगळे गोरे, भांडण त्यांच्या मतांवरून. तरीही हेतू शब्दांत मांडला नाही म्हणून आरोप पडले. हे वाचताना मराठी माणसाला खैरलांजी आठवावंच. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका दलित कुटुंबातले चौघे मारले गेले. २००८ मध्ये न्यायालयाने खुनाबद्दल कठोर शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं ठरवलं. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली आणि अ‍ॅट्रॉसिटीबद्दलचा तो निष्कर्ष कायम राहिला. दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत. खैरलांजीत खुनाला शिक्षा झाली, कोलफॅक्समध्ये तीही नाही. पण गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेला हेतू न्यायालयात येता येता कसा विरून जातो, ते दोन्हीकडे दिसतं.

चूक बेकविथ यांच्या मसुद्यात होती का? काही अंशी होती. ब्रॅडली यांच्याच मतात वाट ठेवलेली आहे. वर्णामुळे मताधिकार मोडला असा स्पष्ट आरोप असेल तर खासगी माणसावरही केंद्र कारवाई करू शकतं, असं त्यातून निघतं. १८८४ मध्ये यारब्रो प्रकरणात जॉर्जियातल्या एका मतदाराला मारहाण करणाऱ्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायमही केली. म्हणजे दार पूर्ण बंद नव्हतं. पण जीव वाचवण्याचा हक्क त्या दारातून आत येत नव्हता, आणि १८७६ पर्यंत असे खटले लढण्याची इच्छा असलेले लोक सरकारात उरले नव्हते.

मधल्या काळात काय झालं

ब्रॅडली यांचं मत जून १८७४ मधलं, अंतिम निकाल मार्च १८७६ मधला. ही पावणेदोन वर्षं फार महाग पडली. दहशत घालणाऱ्यांना संदेश मिळाला होता. उघड चेहऱ्याने, वर्तमानपत्रात जाहिरात करून व्हाइट लीग ही गोऱ्यांची हत्यारबंद संघटना पसरली. ऑगस्टमध्ये जवळच्याच कुशाट्टा गावात सहा गोरे रिपब्लिकन आणि त्यांच्या बाजूचे काही कृष्णवर्णीय मारले गेले. १४ सप्टेंबरला व्हाइट लीगच्या हजारो माणसांनी न्यू ऑर्लिन्समध्ये राज्याचे पोलीस आणि शिबंदी यांना हरवून सरकारच ताब्यात घेतलं. केंद्राची फौज आल्यावर तीन दिवसांनी ते हटले.

जानेवारी १८७५ मध्ये ग्रँट यांनी सिनेटला लिहिलं की कोलफॅक्सचे सगळे गुन्हेगार मोकळे आहेत आणि सुसंस्कृत, ख्रिस्ती म्हणवणाऱ्या या देशात इतक्या राक्षसी गुन्ह्याला शिक्षा करण्याची वाट सापडत नाही. त्यांचा संताप खरा होता. पण त्याच वर्षी मिसिसिपीत निवडणुकीआधी रक्त सांडू लागलं तेव्हा त्यांनी फौज पाठवली नाही. १८७३ च्या सप्टेंबरपासून मंदी होती, १८७४ मध्ये प्रतिनिधीगृह विरोधकांकडे गेलं होतं, आणि उत्तरेतल्या मतदाराला दक्षिणेतून येणारी बातमी नकोशी झाली होती. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा तिढा सुटल्यावर एप्रिल १८७७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या राज्य कचेरीवरचे सैनिक बराकीत परतले आणि रिपब्लिकन सरकार कोसळलं.

पुढचं काम लुइझियानाने कायद्यानेच केलं. १८९८ च्या राज्यघटनेने मतदारासाठी साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली, आणि ज्याचा बाप किंवा आजा १८६७ च्या आधी मतदार होता त्याला सूट दिली. १८९६ मध्ये राज्यात १ लाख ३० हजारांवर कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये ते दोन हजारांच्याही खाली आले.

कोलफॅक्समध्ये १९२१ साली स्मशानभूमीत स्तंभ उभा राहिला, तो हल्लेखोरांतल्या मेलेल्या तिघांचा, गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढलेले वीर म्हणून. १९५० मध्ये राज्याने लावलेल्या फलकावर या घटनेने दक्षिणेतलं कुशासन संपलं असं कोरलं होतं. तो फलक २०२१ मध्ये काढला गेला, आणि मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या नावांचं स्मारक व्हायला २०२३ साल उजाडलं.

शेजाऱ्याविरुद्ध हक्क

डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींच्या अस्पृश्यविषयक राजकारणाची चिकित्सा करताना नेमका हा इतिहास पुढे केला. युद्धात कृष्णवर्णीयांची मदत घेऊन नंतर उत्तरेने त्यांना वाऱ्यावर सोडलं, तसा विश्वासघात आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून अस्पृश्य आधी हमी मागतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. चार-साडेचार वर्षांनी स्वीकारलेल्या भारताच्या राज्यघटनेत सतरावं कलम अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळायला बंदी करतं, आणि ती बंदी सरकारइतकीच विहिरीवरच्या शेजाऱ्यालाही लागू आहे. पस्तिसावं कलम त्याबद्दलच्या शिक्षेचा कायदा करण्याचा अधिकार फक्त संसदेला देतं, राज्यांच्या विधिमंडळांना देत नाही. क्रुकशँकच्या निकालाने उघडी ठेवलेली जागा इथे घटनेच्या मजकुरातच बुजवलेली दिसते. अंमलबजावणीचा प्रश्न उरतो, तो पोलीस ठाण्यात आणि तपासात. पण खासगी माणसाविरुद्ध घटनेत हक्कच नाही, असं भारतातल्या न्यायालयाला अस्पृश्यतेबाबत म्हणता येत नाही.

अमेरिकेत ते सहावं कलम मात्र मेलं नाही. नव्या क्रमांकाने ते केंद्राच्या दंडसंहितेत टिकून राहिलं. २१ जून १९६४ रोजी मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर हे मतदारनोंदणीच्या चळवळीतले तीन तरुण मारले गेले. राज्याने खुनाचा खटला भरला नाही, तेव्हा केंद्राने हेच कलम बाहेर काढलं. कटात काउंटीचा उपशेरीफ सामील होता, म्हणजे राज्याचा हात होता. त्यामुळे १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप कायम ठेवले आणि १९६७ मध्ये सात जण दोषी ठरले, त्यात तो उपशेरीफही होता. सर्वांत मोठी शिक्षा झाली ती दहा वर्षांची, १८७० च्या कायद्याने आखून दिली होती तेवढीच. मिसिसिपी राज्याने या हत्यांबद्दल पहिला आरोपी न्यायालयात उभा केला तो २००५ साली.